जांभळीच्या डोहाचा दुसरा ड्राफ्ट

तो माणूस कमरेपर्यंत पाण्यात उभा होता. हात जोडलेले, नजर पाण्यावर. काठावरून त्याची बायको मोबाईलवर शूटिंग घेत ओरडत होती, "अजून थोडा पुढे जा, तुझा चेहरा दिसत नाहीये!" आणि तो पुढे सरकत होता. मी छत्री मिटली, चिखलातून घसरत काठापर्यंत गेले आणि वर्गातला आवाज लावला.

"अहो, मागे या! ती गोष्ट खोटी आहे!"

त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "काकू, जरा शांत राहा ना. पाणी हलतंय."

गोष्ट खोटी असल्याचं मला पक्कं ठाऊक होतं, कारण ती माझ्या तासाला तयार झाली होती. तो माणूस त्या दिवशी धडधाकट बाहेर आला.

मी लोणावळ्यातल्या एका शाळेत मराठी शिकवते. शनिवारी शेवटचा तास कथालेखनाचा. परीक्षेत कथेला मार्क असतात, म्हणून मुलं गाईडमधल्या गोष्टी पाठ करतात. दरवर्षी माझ्या वर्गातले निम्मे रिक्षावाले प्रवाशाची हरवलेली बॅग परत करतात, आणि खाली 'तात्पर्य : प्रामाणिकपणा हाच खरा दागिना.' पेपर तपासताना मला वाटतं, एखाद्या तरी रिक्षावाल्याने ती बॅग ढापावी. त्या कंटाळ्यातूनच मी मुलांना खरीखुरी गोष्ट रचायला शिकवू लागले.

माझी पद्धत साधी आहे. मी तिला खुंटी म्हणते. भिंतीत एक खुंटी पक्की ठोकायची, मग तिच्यावर हवं तेवढं खोटं टांगायचं. खुंटी म्हणजे आपण डोळ्यांनी पाहिलेली एखादी वस्तू, जागा, वास. वाचकाला ती खरी वाटली की पुढचं सगळं तो मुकाट्याने मान्य करतो. पहिलं लिखाण म्हणजे पहिला ड्राफ्ट. तो वर्गात वाचायचा, सगळ्यांनी त्याची साल काढायची आणि मग दुसरा लिहायचा. एवढंच माझं शास्त्र.

सारिका तेव्हा नववीत होती. कार्ल्याच्या मागे डोंगरावर एक छोटी वाडी आहे, तिथून ती खाली चालत यायची आणि टमटम पकडून शाळा गाठायची. शेवटून दुसऱ्या बाकावर बसायची. बोलायला सांगितलं की ओढणीचं टोक चावायची. पण लिहायला बसली की तिची मान वर होत नसे.

तिच्या गोष्टीतल्या मुलीची आई कामाला म्हणून लांब गेलेली असते आणि परत येत नाही. एका हिवाळ्यात ती मुलगी वाडीजवळच्या जांभळीच्या डोहात उतरते. कमरेइतक्या पाण्यात उभी राहते. पाणी संथ होईपर्यंत हलत नाही. संथ पाण्यात स्वतःचा चेहरा अख्खा दिसला की एकच इच्छा बोलते. संध्याकाळी पायवाटेवर आई दिसते. गोष्टीत एक काळा कातळ होता. त्यात घमेल्याएवढा गोल खळगा, आणि त्या खळग्यापाशी बसून मुलगी रोज आईची वाट बघत असते. ही सारिकाची खुंटी. कातळ खरा, खळगा खरा, डोह खरा. बाकी सगळं तिच्या डोक्यातलं.

तिने वाचून संपवल्यावर साल काढायला एकही हात वर आला नाही. माझ्या वर्गात असं फार वेळा होत नाही. मी गोष्ट जिल्ह्याच्या शालेय कथास्पर्धेला पाठवली. नंबर आलेल्या गोष्टींचं पुस्तक निघणार होतं. सारिकाने मला जिन्यात गाठून विचारलं होतं, "मॅडम, छापील पुस्तकात नाव कुठं येतं? वर की खाली?"

"वर. गोष्टीच्या नावाखाली लगेच."

त्या दिवशी तिने ओढणी चावली नाही.

घोटाळा केला आमच्या हेडसरांनी, आणि तोही कौतुकापोटी. त्यांनी गोष्ट शाळेच्या पेजवर टाकली. 'विद्यार्थिनीची कथा' हे शीर्षक त्यांना फिकं वाटलं, म्हणून वर लिहिलं, 'आपल्या मावळच्या आख्यायिका.' पुण्याकडच्या एका व्हिडिओवाल्या पोराने ती उचलली. कातळापाशी उभं राहून, मागे बासरी वाजवून, त्याने सांगितलं की हा शेकडो वर्षांचा इच्छापूर्तीचा डोह आहे. गोष्टीतला हिवाळा त्याने गाळला. तो आला होता पावसाळ्यात, त्याला हिवाळा अडचणीचा होता.

इथेच सगळी भीती होती. हिवाळ्यात जांभळीचा डोह ताटातल्या पाण्यासारखा असतो. पावसाळ्यात वरून ओढा येऊन मिळतो, तेव्हा पाणी संथ होतच नाही. चेहरा अख्खा दिसत नाही म्हणून माणूस वाट बघत उभा राहतो, मग पुढे सरकतो. आणि थोडं पुढे गेलं की पायाखालचा शेवाळलेला कातळ संपतो आणि एकदम खोल पाणी लागतं. डोंगरात पाऊस झाला तर खाली ऊन असतानाही लोंढा येतो. वाडीतल्या लहान पोरांनाही हे माहीत आहे. शनिवार-रविवारी फिरायला येणाऱ्यांना कोण सांगणार?

मी हेडसरांकडे गेले.

"सर, पेजवरून ती पोस्ट काढा."

"मॅडम, शाळेच्या पेजला एवढे व्ह्यूज आजपर्यंत कधी आले नव्हते."

"सर, माणसं पाण्यात उतरतायत."

"मग आपण खाली लिहू ना, ही काल्पनिक कथा आहे म्हणून."

लिहिलं. खाली कमेंट आल्या : 'गावकऱ्यांना गर्दी नकोय म्हणून लपवतायत.' 'माझ्या मावशीचं काम झालं, खोटं कसं?' ग्रामपंचायतीला सांगून धोक्याचा बोर्ड लावला. त्यामुळे लोकांना जागा शोधणं सोपं झालं. पोलिसांना विनंती केली. तेही बिचारे काय करणार! रविवारी भुशी धरणावर एवढी गर्दी, की आमच्या डोहाला हवालदार यायचा तो चहा पिण्यापुरता. तो असेपर्यंत सगळे काठावर, त्याची मोटारसायकल वळली की सगळे पाण्यात.

मी दर रविवारी तिथे जाऊ लागले. नवरा म्हणाला, "तुला पोहता येत नसताना तिथे जाऊन करणार काय?" प्रश्न बिनतोड होता. पण घरी बसून भाजी निवडताना माझे कान फोनकडेच असायचे. पित्ताच्या गोळ्या सुरू झाल्या त्या तेव्हापासून.

वाडीच्या वाटेवर, कातळाच्या अगदी समोर, पारूमावशींची भज्यांची टपरी आहे. त्यांना वाटलं मी नवस बोलायलाच येते.

"मॅडम, तुमी काय मागितलं?"

"मावशी, मी काही मागत नाही. ही गोष्ट आमच्या सारिकाने लिहिलीये. मनाने रचलीये."

"आसंल की," मावशी कढईत भजी सोडत म्हणाल्या. "गोष्ट रचली आसंल. पर द्येव कसा रचंल ती?"

त्यांनी झाऱ्याने समोर दाखवलं. कातळाला शेंदूर लागला होता. पुढे नारळाची शकलं, उदबत्त्या, कुणीतरी बांधलेली हिरवी ओढणी. ते पाहून माझं उरलंसुरलं अवसान गेलं. गोष्ट खोटी आहे असं एकवेळ ओरडून सांगता येतं. शेंदूर लागलेल्या दगडासमोर तसं ओरडणारा माणूस आपल्याकडे अजून जन्मायचा आहे. शेंदूर लावला होता सारिकाच्याच आजोबांनी.

पुढच्या रविवारी जे व्हायचं ते झालं. एक कॉलेजातला मुलगा पाण्यात उभा होता. वरून लोंढा आला. फार मोठा नव्हता, पण पाय सुटायला पुरेसा होता. एकदा त्याचं डोकं दिसलं, मग नुसता हात. त्याचे मित्र ओरडत राहिले. मीही ओरडतच होते, काय ते आठवत नाही. वाडीतल्या दोघांनी गोठ्यातला कासरा आणून फेकला. खालच्या वळणावर तो मुलगा एका मुळाला अडकला म्हणून वाचला. हात मोडला होता, ओठ निळे पडले होते. काठावर आणल्यावर तो उलटी करून रडायला लागला आणि "मम्मीला सांगू नका" असं म्हणत राहिला.

सारिका तिथेच होती. डोक्यावर गवताचा भारा घेऊन वाटेत थांबली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, भारा तिथेच टाकला आणि वाडीकडे पळाली.

सोमवारी ती शाळेत आली नाही. मंगळवारीही नाही. हेडसरांनी आपणहून पोस्ट काढली आणि मला विचारलं, "मॅडम, पोलीस मला तर काही विचारणार नाहीत ना?" पण पोस्ट आता काढली काय आणि ठेवली काय. व्हिडिओची पिलावळ सगळीकडे झाली होती.

मी वाडीवर गेले. सारिका ओट्यावर बसून चिंचोके फोडत होती. तिचे आजोबा, म्हणजे आबा, बाजूला दोरी वळत होते. मला पाहून त्यांनी घोंगडी अंथरली. सारिकाने मान वर केली नाही.

"मॅडम, मी आता गोष्ट लिहिणार नाही," ती म्हणाली. "मान्सं मरत्यात."

"कोणी मेलेलं नाही सारिका."

"मरंल की. पुढच्या आयतवारी मरंल."

मलाही तेच वाटत होतं.

मी आबांकडे वळले. "आबा, तुम्हाला माहीत आहे ना, ही गोष्ट हिने रचलीये? मग तुम्हीच शेंदूर कसा लावलात?"

आबांनी दोरी थांबवली. "व्हय, रचलीय की. मला तिनंच वाचून दावली. लय ब्येस हाय. पर मॅडम, तिला ह्ये सुचवलं कुनी?"

"तिलाच सुचलं."

"त्येच म्हनतो मी. सुचवलं कुनी?"

इतकी वर्षं मुलांना 'कल्पना कशी सुचते' हे फळ्यावर बाण काढून शिकवते. आबांना सांगण्यासारखा एकही बाण माझ्याकडे नव्हता. आबा मोठ्या मनाने म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. च्या घ्या."

चहा पिता पिता मी सारिकाला म्हटलं, "हे बघ, गोष्ट मागे घेता येत नाही. एकदा बाहेर पडली की पडली. पण आपण ड्राफ्ट दुसरा लिहितो की नाही?"

"आता कोन वाचनार तो?"

"वाचायचा नाही. सांगायचा. आधी मला सांग, पहिल्या ड्राफ्टमध्ये चुकलं काय? वर्गात आपण साल काढतो तशी काढ."

तिने आणखी एक चिंचोका फोडला. मग म्हणाली, "डोह फुकट देतोय. कायबी आडवं येत न्हाई. नुसतं जायचं, हुभं ऱ्हायचं, मागायचं. सोपं हाय म्हनून समदी उतरत्यात."

"मग आडवं काय घालायचं?"

उत्तर दोरी वळणाऱ्या हातांकडून आलं. "पावसाळ्यात आमच्यातलं कोन डोहात पाय घालतं? साती आसरा न्हात्यात तितं. लहानपनी माझ्या आयनं मला पाय घातला म्हनून फोकानं हानलेलं."

साती आसरा म्हणजे पाण्यातल्या सात देवता. त्यांचा राग वाईट, असं या भागात सगळेच मानतात. वाडीवरची माणसं पावसाळ्यात डोहापासून लांब राहत ती या धाकाने. सारिकाने गोष्ट हिवाळ्यात नेली ती उगाच नव्हती.

"पण आसरा रागावतील म्हटलं तर ही बाहेरची माणसं ऐकतील का?" मी विचारलं. "त्यांना धोक्याच्या बोर्डाचीसुद्धा भीती वाटत नाही. उलट आणखी चेव येईल."

"भ्या घालायचंच न्हाई मॅडम," सारिका एकदम म्हणाली. तिचा चेहरा पहिल्यांदा जरा उजळला. "पान्यात उतरून मागितलं तर आसरा देत्यात. पर त्याला न्हाई. त्याच्या भावकीला देत्यात."

आबांच्या हातातली दोरी सुटली. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

शहरातल्या वाचकांसाठी सांगते. भावकी म्हणजे एका कुळातली, एका बांधाला बांध लागून असलेली माणसं. आपलं थोडं कमी झालं तरी माणूस सोसतो. भावकीचं जास्त झालेलं सोसत नाही. बुडून मरण्याची भीती नसलेला माणूसही आपल्या इच्छेचा फ्लॅट चुलतभावाला मिळू देणार नाही.

"आणि पाण्यात उतरायचं नाही तर करायचं काय?" मी विचारलं. "नुसतं 'नको' म्हणून चालत नाही. गोष्टीतल्या माणसाला काहीतरी करायला लागतं."

सारिका उठली. मला डोहापाशी घेऊन गेली. कातळातल्या त्या गोल खळग्यात पावसाचं पाणी साठलं होतं. डोह शेजारी खळखळत होता आणि खळग्यातलं पाणी मात्र अगदी संथ. त्यात आमचे दोन चेहरे अख्खे दिसत होते.

"हितं बघायचं," ती म्हणाली. "हितं हुभं ऱ्हाऊन मागायचं."

खुंटी पहिल्यापासून तिथेच होती. मी तिच्या पाठीवर थाप मारली आणि मला रडू आलं. शाळेतल्या कुणालाच मी ते सांगितलेलं नाही.

आता हा ड्राफ्ट प्रकाशित करायचा कुणी? पेज नको, व्हिडिओ नको. आम्ही टपरीवर गेलो. पारूमावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"न्हाई बाय. उतरू नका म्हनलं तर मान्सं येतील कशाला? आन माझी भजी कोन खाईल?"

"येतील मावशी," सारिका म्हणाली. "कातळापाशी हुभी ऱ्हातील. कातळ तुझ्या टपरीच्या म्होरंच हाय."

मावशींनी कातळाकडे पाहिलं, टपरीकडे पाहिलं. झारा खाली ठेवला. "पुन्ना सांग. पयल्यापासनं."

रविवार उजाडला. मी सकाळपासून टपरीच्या बाकड्यावर. गोष्ट वर्गात फसली तर मुलं जांभया देतात. इथे फसली तर काय होईल, ते मी मागच्या रविवारी पाहिलं होतं.

पहिली गाडी आली. नवराबायको. त्याने बूट काढले, पँट वर दुमडली आणि सरळ पाण्याकडे निघाला. पारूमावशी गिऱ्हाइकाला भजी देण्यात गुंतलेल्या. मी त्यांच्या पदराला झटका दिला. त्यांनी मागे न बघताच आवाज टाकला.

"दादा, उतरा की! पर तुमाला भाऊ किती?"

तो थांबला. "एक आहे. का?"

"मंग त्याला मिळंल. पावसाळ्यात आसरा आसत्यात डोहात. उतरून मागितलं की भावकीला देत्यात. वराळ्याच्या एका बाईनं उतरून फ्लॅट मागितला. टू बीएचके. मिळाला. पर जावंला!"

ही वराळ्याची बाई आमच्या ड्राफ्टमध्ये नव्हती. ती मावशींनी जागच्या जागी जन्माला घातली होती. खुंटी बघा कशी ठोकली : वराळे, टू बीएचके, जाऊ. शिकवायला मी कशाला हवी?

तो माणूस घोट्याइतक्या पाण्यात उभा होता. पाय आत की बाहेर, हे त्याचं ठरत नव्हतं. शेवटी त्याची बायको ओरडली, "अहो, या बाहेर! त्यांचं आधीच खूप चांगलं चाललंय!"

तो आला. मावशींनी झाऱ्याने खळगा दाखवला. दोघं त्यापाशी उभी राहिली, चेहरे पाहिले, डोळे मिटले, फोटो काढले आणि दोन प्लेट भजी खाल्ली. दुपारपर्यंत मावशींनी ही गोष्ट किती जणांना सांगितली कोण जाणे. दर वेळी वराळ्याच्या बाईचं नशीब थोडं आणखी फुटत होतं. संध्याकाळी कातळापुढे रांग होती आणि डोह रिकामा. मावशींनी खळग्यावर पाऊस पडू नये म्हणून निळी ताडपत्री ताणली. काही दिवसांनी तो बासरीवाला पोरगाही परत आला आणि 'डोहाचं खरं रहस्य' असा नवा व्हिडिओ करून गेला. त्यात भावकी होती. या वेळी त्याने काही गाळलं नाही.

इथे संपलं असतं तर बरं झालं असतं. पण स्पर्धेवाल्यांचा फोन आला. हेडसरांनी स्पीकर लावला.

"तुमच्या विद्यार्थिनीची कथा परीक्षकांना फार आवडली. पण ती लोककथा आहे. आमच्या एका परीक्षक मॅडम स्वतः त्या डोहावर जाऊन आल्यात. नक्कल म्हणून बाद करावी लागेल. तुम्हाला काही म्हणायचं असेल तर मुलीला घेऊन तळेगावला या."

हेडसर लाल झाले. मी तर पेटलेच. वर्गातली सगळी मुलं साक्षीदार होती, मी होते. ही गोष्ट तिचीच, हे सिद्ध करणं अवघड नव्हतं. मी सारिकाला घेऊन निघाले. वाटेत मुद्दे तयार करत होते. सारिका खिडकीतून बाहेर बघत होती.

"मॅडम, नंबर आला तर पुस्तकात काय छापतील?"

"गोष्टीचं नाव, खाली तुझं नाव. 'काल्पनिक कथा' असं लिहितील."

"आणि पेजवर?"

"हेडसर टाकतीलच. पेपरलाही देतील, तुझ्या फोटोसकट. डोहाची गोष्ट रचणारी मुलगी म्हणून."

ती पुन्हा बाहेर बघू लागली. तळेगाव येईपर्यंत ओढणीचं टोक तिच्या तोंडात होतं.

परीक्षक मॅडम समजूतदार वाटल्या. त्यांनी सारिकाला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग विचारलं, "बाळ, घाबरू नकोस. ही गोष्ट तू स्वतः रचलीस की कुणाकडून ऐकलीस?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सारिका म्हणाली, "ऐकलेली आहे. आमच्या आबांनी सांगितली. लय जुनी आहे."

मी तिच्याकडे पाहत राहिले. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मॅडमनी मला विचारलं, "शिक्षिका म्हणून तुमचं काही म्हणणं?"

बोलायला एक वाक्य पुरलं असतं. ते जिभेवर होतं. मी म्हणाले, "नाही."

बाहेर आल्यावर मात्र मी चिडले. "अगं, तुझं नाव आलं असतं! छापील! वर!"

"म्हाईत हाय मॅडम." तिचे डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता. "पर खोटी हाय म्हनून छापून आलं की भावकीबी खोटी. मंग पुन्ना उतरतील." मग नाक पुसून म्हणाली, "तुमीच सांगता की, टांगून झाल्यावर खुंटी हालवायची न्हाई."

परत येताना मी तिला आइस्क्रीम घेऊन दिलं. दुसरं काय देणार? तिने खाल्लं, आणि अर्ध्या वाटेत झोपून गेली.

महिन्याभराने शाळेत पाकीट आलं. स्पर्धेवाल्यांनी दया दाखवली होती. लोककथा संकलन या वेगळ्या विभागात सारिकाला उत्तेजनार्थ प्रमाणपत्र. 'पारंपरिक कथा कोणताही बदल न करता उतरवून घेतल्याबद्दल.' हेडसरांनी ते प्रार्थनेला वाचून दाखवलं आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. सारिका ओळीत उभी राहून पायाच्या अंगठ्याने माती उकरत होती. हसत होती की काय, मला लांबून दिसलं नाही.

ती आता दहावीत आहे. लिहिते. माझी पित्ताची गोळी अजून सुटलेली नाही आणि पावसाळ्यात रविवारी मी अजूनही टपरीवर जाऊन बसते. यंदाच्या नववीला मी घरच्या मोठ्यांकडून एक जुनी गोष्ट विचारून आणायला सांगितली, तर एकाने हीच आणली. पणजीच्या वेळची म्हणून. वराळ्याची बाई आणि तिच्या जावेच्या टू बीएचकेसकट. मी त्याला चांगले मार्क दिले.

नव्या वर्गाला मी खुंटी शिकवतेच, पण पुढे एक वाक्य जोडते. गोष्ट लिहून झाली की स्वतःला विचारा : कुणी हे खरं मानून तसंच वागला, तर तो घरी परत येईल का? येणार नसेल तर दुसरा ड्राफ्ट.

हे सगळं मी इथे लिहिते आहे खरी, पण डोहाचं नाव मी बदललं आहे. सारिकाचंही आणि पारूमावशींचंही. कातळाची खूणही थोडी फिरवली आहे. त्यामुळे शोधायला येऊ नका. आणि एवढं सांगूनही कुणाला ती जागा सापडलीच, तर खुशाल या, भजी खा, खळग्यात चेहरा बघा. पाण्यात मात्र उतरू नका. भावकीला मिळेल.